ठिपकेवाली

सोमवारी सकाळी आक्का माश्या तपासायला बसली, की तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा त्या घरात नियम होता. नियम कुणी केलेला नव्हता. एकदा भावजयीनं मधेच "वन्सं, दूध उतू जातंय का बघता?" असं विचारलं, आणि आक्कानं बशीतल्या दीडशे माश्यांचे पंख पहिल्यापासून पुन्हा तपासले. दूध उतू गेलं ते गेलंच. तेव्हापासून नियम आपोआप लागू झाला.

तपासायची जागा म्हणजे फळं भरायच्या शेडमधली खिडकीजवळची फळी. रासबेरीच्या ओळींत सावलीला बारा बरण्या टांगलेल्या होत्या. प्लास्टिकच्या, झाकणाच्या, अंगाला बारीक भोकं पाडलेल्या. आत बोटभर व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. वासाला माशी आत यायची आणि साबणामुळं बुडायची. ते पाणी गाळायचं, गाळ पांढऱ्या बशीत पसरायचा आणि भिंग लावून एकेक माशी सुईच्या टोकानं उलटीपालटी करायची. माशी केवढी, तर तिळाएवढी. तिच्या पंखाच्या टोकाशी काळा ठिपका आहे का, एवढंच बघायचं. ठिपका असला तर ती ठिपकेवाली, परमुलखातून आलेली, पिकत्या फळाला आतून नासवणारी. नसला तर साधी. घरातल्या साऱ्यांना एवढं ठाऊक होतं.

आक्कानं तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात काजं करण्यात घालवली होती. साठीला दोन वर्षं कमी असतानाही ती चष्म्याशिवाय सुई ओवायची. नवरा गेल्यावर एक ट्रंक आणि एक शिलाई मशीन घेऊन भावाकडे आली, त्याला सहा वर्षं झाली होती. या घरात आपण किती खातो आणि किती राबतो, याचा मेळ ती मनातल्या मनात रोज घालायची, आणि रोज तिला आपलीच बाजू उणी दिसायची. कुणी तिला तसं म्हटलं नव्हतं. न म्हणणाऱ्या माणसांत राहिलं की हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो.

बरण्या आल्या आणि बाजू पहिल्यांदा फिटली. कारण हे काम दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं. भावजयीला बशी बघूनच मळमळायचं. भावाला जवळचं बारीक दिसत नव्हतं. त्याला सगळे 'धाकटा' म्हणायचे. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी धाकटाच. घरात थोरलं म्हणायला आक्काच उरली होती.

डोंगरापलीकडच्या गावांत गेल्या हंगामात या माशीनं बागाच्या बागा खाल्ल्या होत्या. म्हणून यंदा फुलं लागायच्या आत सोसायटीनं सभा बोलावली. शिकवायला एक तरुण मुलगी आली होती, पायात गमबूट, हातात लॅपटॉप. ती सगळ्या बायकांना मावशी म्हणायची, म्हणून गावानं तिचं नाव माशीबाई ठेवून हिशेब चुकता केला. तिनं भिंतीवर हातभर मोठी माशी दाखवली. मग सांगितलं की ठिपका असतो तो नराला. मादीला ठिपका नसतो. मादीच्या पोटाच्या टोकाला करवतीसारखा दातेरी अवयव असतो, त्यानं ती पिकत्या फळाची साल कापते आणि आत अंडी घालते. हंगामाच्या सुरुवातीला कधीकधी कित्येक आठवडे नुसत्या माद्याच सापडतात, तेव्हा त्या भिंगातून नीट बघायच्या.

मागच्या बाकावर शेजारच्या बागेचा मालक बसला होता. त्याला गाव रेडिओ म्हणायचं. बातमी त्याच्याकडे पोचली की प्रसारित झालीच. तो म्हणाला, म्हणजे ठिपका मिरवायचा नवऱ्यानं आणि करवत चालवायची बायकोनं, आमच्या घरी असंच आहे. सभा हसली. धाकटाही हसला, चांगला डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

घरी आला तेव्हा आक्का शेडमध्ये बरण्या धूत होती. तिनं एकेक गोष्ट विचारून घेतली. व्हिनेगर किती, साबण किती, बरणी कुठल्या उंचीवर, किती दिवसांनी काढायची. तो सांगत गेला. मग तिनं विचारलं, ओळखायची कशी?

धाकट्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवरची ती हातभर माशी आली. नर, मादी, ते पोटाचं टोक, अंडी. आक्कानं त्याला लहानपणी अंघोळी घातल्या होत्या, पण त्या घरात तिच्यासमोर असले शब्द कुणी उच्चारले नव्हते. गाय व्यायली तरी 'मोकळी झाली' म्हणायचे. त्यात रेडिओचा विनोद अजून त्याच्या कानात गुदगुल्या करत होता. तो ओठावर आला तर काय, अशी धास्ती.

तो बरण्यांकडे बघत म्हणाला, "पंखावर ठिपका असतो बघ. तीच वैरीण."

"ठिपकेवाली?"

"हां. ठिपकेवाली मोजायची. बाकीच्या सोडून द्यायच्या."

आणि तो पाय धुवायला निघून गेला. अर्धं सांगून झालं होतं. उरलेलं सवडीनं सांगू, असं त्यानं ठरवलं.

पहिला सोमवार आला, आक्कानं वहीत तारीख घातली, हवा लिहिली, बारा बरण्यांचे बारा रकाने आखले आणि बाराही रकान्यांत शून्य भरलं. दुसऱ्या सोमवारी शून्य. तिसऱ्या सोमवारी शून्य. शून्यं अशी गोल आणि एकसारखी, जणू काजंच केली होती.

सोसायटीचा नियम असा की एक जरी माशी सापडली, तरी ओळींवर जाळी चढवायची, फवारणी करायची आणि एक दिवसाआड तोडणी, पिकलेलं एक फळ झाडावर ठेवायचं नाही. हे सगळं म्हणजे कंबरडं मोडायचं काम. शून्य असेल तर मात्र फळ चार दिवस झाडावर ठेवता येतं; ते गडद होतं, गोड होतं, वजनाला उतरतं. म्हणून धाकट्यानं चार दिवसांची तोडणी धरली. रेडिओ तारेपलीकडून रोज विचारायचा, आक्का, आज काय? ती म्हणायची, शून्य. तो म्हणायचा, आक्कांचं शून्य म्हणजे दगडावरची रेघ. त्यानं स्वतःच्या बरण्या टांगल्याच नाहीत. दोन बागा त्या वहीवर चालल्या होत्या.

आक्काची मान त्या दिवसांत थोडी वर राहायची. जेवताना ती स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागली. भावजयीनं ते बघितलं आणि तिला बरं वाटलं, ही भावजयीच्या खाती जमेची नोंद.

तोडणी पहाटेच्या गारव्यात सुरू व्हायची. बोटांना काटे लागून रक्त आणि रस एकाच रंगाचे व्हायचे. फळ चिमटीत धरून नुसतं ओढायचं नाही, हलकेच फिरवायचं. दांड्यावरून ते टोपी काढल्यासारखं सुटतं. आक्का खालच्या फांद्या घ्यायची, धाकटा वरच्या. पाचव्या आठवड्यात अशाच एका तोडणीला ती म्हणाली की यंदा साध्याच फार येतायत, मागच्या सोमवारी एका बरणीत चाळीस होत्या.

धाकट्याचा हात फांदीवर थांबला. त्याला सगळं आठवलं. भिंतीवरची माशी, माशीबाईचा आवाज, बाकावरचं हसू. सांगायची वेळ हीच होती, हे त्याला कळलंही. पण पाच आठवड्यांची शून्यं लिहून झाली होती. आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. त्यानं मनाशी एक युक्तिवाद जुळवला. माद्या आल्या तर त्यांचे नरही मागोमाग येणारच. ठिपका दिसला की कळेल. दिसत नाही, त्याअर्थी त्या खरंच साध्या असणार.

"व्हिनेगरचा वास आहे," तो म्हणाला. "येणारच."

सातव्या आठवड्यात माल परत आला.

संकलन केंद्रावर रांग होती. तिथला तपासणारा माणूस प्रत्येकाच्या क्रेटमधून मूठभर फळं काढायचा, पिशवीत घालून चेचायचा, वरून मिठाचं पाणी ओतायचा आणि पिशवी खिळ्याला लटकवून पुढच्याकडे वळायचा. पाव तासानं त्यानं धाकट्याची पिशवी उजेडाला धरली. लाल पाण्यात पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे वर आले होते, आणि ते वळवळत होते. त्यानं दुसऱ्या क्रेटमधली फळं घेतली, तिसऱ्यातली घेतली. मग क्रेटांवर खडूनं फुली मारत गेला. रांगेतले ओळखीचे लोक आभाळाकडे बघायला लागले. पावसाचं एक चिन्ह नव्हतं, तरी सगळे आभाळ न्याहाळत होते. जे एकशे दहा क्रेट धाकट्यानं पहाटे टेम्पोत चढवले होते, तेच त्यानं दुपारी घरी उतरवले. त्याच्या मागोमाग रेडिओचे ऐंशी परत आले.

दुसऱ्या दिवशी माशीबाई आली. शेडमध्ये सगळेच होते. धाकटा दाराला टेकून, भावजय क्रेटावर बसलेली, रेडिओ हाताची घडी घालून. आक्कानं वही पुढं केली. नुसती वही नाही. दर आठवड्याच्या माश्याही तिनं औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवल्या होत्या, वर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवून. शिंप्याच्या दुकानात तिला तुटकं बटणसुद्धा टाकायची सवय लागली नव्हती.

माशीबाईनं वही चाळली आणि कौतुकानं म्हणाली की एवढी स्वच्छ नोंद तिनं कुठं बघितली नव्हती. मग पहिल्या आठवड्याची बाटली बशीत ओतली आणि स्वतःचं भिंग लावलं. सुईनं ती माश्या दोन बाजूंना सारत होती. एका बाजूला अकरा झाल्या.

"मावशी, ह्या कुठल्या म्हणून लिहिल्यात?"

"त्या साध्या. लिहिल्याच नाहीत. ठिपका नाही त्यांना."

"ह्या माद्या आहेत, मावशी. ठिपका नराला असतो."

आक्का बशीकडे बघत राहिली. माशीसाठी तिच्या तोंडात जन्मभर ती बसली, ती उडाली, ती पडली, असंच होतं.

"माशी ती," आक्का हळू म्हणाली. "तो कसा असेल?"

एरवी रेडिओनं हे वाक्य आठवडाभर गावाला ऐकवलं असतं. पण तोही हसला नाही. माशीबाईनं तिला भिंगातून ते करवतीचं टोक दाखवलं, आडपडदा न ठेवता, काजाचा टाका दाखवावा तसं. आक्कानं बघितलं आणि दुसरी बाटली तिनं स्वतःच ओतली. मग तिसरी. तिला एकदाच सांगावं लागलं होतं. सहाव्या आठवड्याच्या बाटलीपाशी पोचेपर्यंत ती माशीबाईपेक्षा भरभर निवडत होती, आणि त्या एका बाटलीत दोनशे सहा निघाल्या.

"मी सभेत दाखवलं होतं हे," माशीबाई म्हणाली आणि तिनं दाराकडे बघितलं. मग भावजयीनं बघितलं. मग रेडिओनंही बघितलं. पण त्याला स्वतःच्याच बागेत बरण्या न टांगल्याची लाज होती, म्हणून त्यानं लगेच नजर काढून घेतली.

धाकट्याला बोलायला तसा पुष्कळ वेळ मिळाला. त्यानं तो वापरलाही.

"सांगितलं होतं की मी," तो म्हणाला. "आक्काच्या लक्षात राहिलं नसेल." आवाज अगदी मऊ होता. त्यावर आणखी तीन शब्द त्यानं कुणी न मागता टाकले, "वय झालं आता."

आक्कानं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. खिशात ठेवलेली वस्तू हाताला लागत नाही तेव्हा माणूस बघतो, तसं.

"असेल," ती म्हणाली. "राहिलं नसेल."

पुढचे चार दिवस बाग रिकामी करण्यात गेले. पिकलेलं, अर्धं पिकलेलं, खाली पडलेलं, सगळं ओरबाडून काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं, तोंड आवळून उन्हात मांडायचं, म्हणजे आतल्या अळ्या उष्णतेनं मरतात. पिशव्या फुगल्या. अंगणात दारूच्या भट्टीसारखा आंबूस वास भरून राहिला. आक्का सगळ्यांच्या आधी ओळीत जायची आणि शेवटी बाहेर यायची. वाकून वाकून तिची पाठ लाकडासारखी झाली होती, पण ती बसायला तयार नव्हती. बरण्यांचं काम भावजयीनं आपण होऊन अंगावर घेतलं. "वन्सं, राहू द्या, मी बघते," ती म्हणाली, आणि मळमळ दाबून बशीवर वाकायला लागली. तिच्या मनात प्रेमच होतं. आक्कानं भिंग तिच्या हातात दिलं आणि हात पुसला.

त्यानंतर आक्का बदलत गेली. भाजीत मीठ घातल्यावर ती भावजयीला विचारायची, घातलं का गं मी? रात्रीची कडी लावून अंथरुणावर पडायची आणि पुन्हा उठून कडी बघून यायची. ट्रंकेची किल्ली तिनं भावजयीकडे दिली, माझ्याकडून हरवेल म्हणाली. चिठ्ठ्या लिहून भिंतीला लावायला लागली. गॅस, नळ, कोंबड्या. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायची, बरोबर चाललंय ना, अशी.

धाकटा हे बघत होता, आणि मोजत होता. मीठ एकदाही चुकलं नव्हतं. कडी रोज लागलेली असायची. दोनदा नळ चालू राहिला, तो त्याचा स्वतःचा. एकदा कोंबड्या बाहेर राहिल्या, त्या भावजयीच्या. त्याच्या हिशेबात आक्काच्या खाती दोन महिन्यांत एकही चूक नव्हती. हा हिशेब घरात फक्त त्याच्याकडे होता आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती. माल गेला, बाग वाचली; पुढच्या हंगामाला नवी फळं येतील, ते फिटण्यासारखं होतं. आक्काचं तसं नव्हतं. दर आठवड्याला तो ठरवायचा, या रविवारी सांगू. रविवारी कुणी तरी घरी असायचंच. कुणी नसेल तेव्हा आक्का बरी दिसायची, आणि मग उगाच कशाला, असं व्हायचं.

छाटणीच्या दिवसांत भावजयीनं एकदा जेवताना विषय काढला. तालुक्याच्या दवाखान्यात विसरण्याच्या दुखण्याचे डॉक्टर दर गुरुवारी येतात, तिनं नाव घालून ठेवलं होतं. हे लवकर कळलं तर गोळ्यांनी थांबतं म्हणतात, ती म्हणाली. आक्कानं मान डोलावली. घास तिनं अर्धाच खाल्ला आणि ताट सारलं. दुसऱ्यांदा वाढून घेणं तर केव्हाच बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीणभाऊ छाटणीला ओळीत होते. फळ देऊन झालेल्या जुन्या फांद्या बुडातून कापायच्या आणि नव्या तारेला बांधायच्या. धाकटा कात्री चालवत होता, आक्का मागून काटेरी फांद्या गोळा करून भारे बांधत होती. ऊन मवाळ होतं. पलीकडे रेडिओच्या बागेत कुणी नव्हतं. धाकट्यानं कात्री मिटली.

"आक्का, मी तुला सांगितलं नव्हतं."

"काय?"

"माशीचं. नराला ठिपका, मादीला नाही. ते मी तुला सांगितलंच नव्हतं."

एकदा सुरू झाल्यावर त्यानं सगळं सांगितलं. नर, मादी, पोटाच्या टोकाची करवत, अंडी, सगळे शब्द एका दमात काढले. त्याचे कान तापले होते. लाज वाटली म्हणून राहिलं, मग भीती वाटली म्हणून राहिलं, आणि त्या दिवशी चौघांसमोर खोटं बोललो, तुझ्या डोक्यात काही झालेलं नाही, गुरुवारी जायचं कारण नाही. बोलून झाल्यावर तो तारेला धरून उभा राहिला.

आक्का भारा बांधत होती. तिनं गाठ मारली, ओढून बघितली. मग त्याच्याकडे बघून हसली. त्या हंगामानंतर पहिल्यांदाच मोकळं हसली.

"अरे वेड्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी एवढं खोटं बोलतोस होय?"

"खोटं नाही. आईशप्पथ."

"सांगितलं होतंस तू. मला आठवतंय आता. आधी आठवत नव्हतं, पण रोज विचार करून करून आलं सगळं डोळ्यांपुढं." ती त्याच्याजवळ आली आणि त्याच्या बाहीला अडकलेला काटा काढायला लागली. "मी बरण्या धूत होते. तू पायरीवर बसला होतास. म्हणालास, आक्का, नराला ठिपका आणि मादीला नाही, ध्यानात ठेव. दोनदा म्हणालास. माझंच लक्ष नव्हतं."

"मी बसलो नव्हतो गं. मी उभा होतो, मी लगेच पाय धुवायला…"

"असू दे."

तिनं काटा काढला, बोटानं बाही सारखी केली. ती भारा उचलायला वाकली, आणि वाकल्या वाकल्या थांबून म्हणाली,

"गुरुवारी मात्र तू ये हं माझ्याबरोबर. डॉक्टर काय सांगतील ते माझ्या लक्षात राहायचं नाही. तू नीट ऐक, आणि घरी आल्यावर मला सांग."